संगणकाचे पोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी वाळवणावर बोलते, कोणी बालसंगोपनावर. यंदा मी संगणकावर बोलणार असे जाहीर झाले तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली, ती मी ऐकली. सातवी शिकलेली बाई, तिचा आणि संगणकाचा संबंध काय? संबंध एवढाच की माझी धाकटी लेक गेल्या वर्षापासून संगणकदुरुस्तीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे, आणि रात्री जेवणे आटोपली की तिची उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे असते. तिने प्रश्नोत्तरांची वही मला देवनागरीत उतरवून दिली आहे. मी प्रश्न वाचते, ती उत्तर देते. ऐकून ऐकून निम्मे मला आले, उरलेले हात घातल्यावर आले.

आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे एम.एस.सी.आय.टी. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि आपल्या मंडळातल्या कितीतरी सुना-लेकी तो करून आल्या. चांगलाच आहे. पण त्यात यंत्र वापरायला शिकवतात. स्वयंपाक येणे निराळे आणि शेगडीचा बर्नर उघडून साफ करणे निराळे. माझी लेक जी परीक्षा देते तिला 'ए प्लस' म्हणतात. कॉम्पटिया नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेने ती १९९३ साली सुरू केली. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचे, जास्तीत जास्त ९० प्रश्नांचे. गुण ९०० पर्यंत मोजतात. पहिल्याला ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. पहिल्यात यंत्राचे भाग, छपाईयंत्र, मोबाईल, जाळे. दुसऱ्यात विंडोजसारखी यंत्र चालवणारी प्रणाली, तिचे दुखणे आणि सुरक्षितता. शिक्षणाची अट नाही, पण वर्षभराचा हाताचा सराव असावा असे ते सुचवतात. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. परीक्षा मराठीत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

लेकीने पहिला पेपर काढला आहे, दुसरा व्हायचा आहे. फी तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. "पोरीच्या जातीने पेचकस हातात धरून काय करायचे?" असे नातेवाईक विचारून गेले. मी म्हटले, मशीनवर ब्लाऊज शिवताना मीही पेचकसच धरते, तेव्हा कोणी विचारले नाही.

आता यंत्राकडे येते. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज. संगणकाच्या पोटात एक पेटी असते, ती त्या विजेची बारा, पाच आणि सव्वातीनच्या आसपासच्या व्होल्टची वीज करून देते. वायर काढल्यावरही त्या पेटीत काही काळ वीज साठून राहते, म्हणून ती पेटी कोणीही उघडू नये. बाकीचे भाग मात्र बटण बंद करून, वायर काढून, निर्धास्त पाहता येतात. एक पथ्य आहे. नायलॉनची साडी नेसून कोरड्या हवेत आत हात घालू नये. अंधारात साडी काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच वीज आपल्याला नुसती चावते, पण मेमरीच्या पट्टीला मारून टाकू शकते. सुती नेसावे, आणि आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावावा.

आपल्या धर्माबादचा खास रोग म्हणजे धूळ. मिरचीचे गाव आपले! एका ओळखीच्या दुकानातला संगणक दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत असे. दुकानदार म्हणाले, व्हायरस असेल. लेकीने झाकण काढले तर पंख्याच्या पात्यांवर तांबूस थर, आणि पहिली शिंक तिला आली, दुसरी मला. पंखा गुदमरला की मुख्य चिप तापते आणि जळून जाण्याआधी यंत्र स्वतःच बंद होते. मऊ ब्रशने साफ केले. हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवले, नाहीतर ते गरगर फिरून खराब होते. व्हायरस नव्हता.

या अभ्यासात मला सर्वांत आवडली ती दोष शोधण्याची रीत. पहिल्यांदा माणसाला विचारायचे: काय झाले, कधीपासून, त्याआधी काय बदलले? मग साधा अंदाज बांधायचा, वायर सुटली आहे का इथपासून. तो पडताळायचा, मग काय करायचे ते ठरवून करायचे, सगळे नीट चालते का ते पुन्हा पाहायचे आणि शेवटी लिहून ठेवायचे. जुन्या सुईणी याच क्रमाने विचारपूस करीत. लिहून तेवढे ठेवीत नसत.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. मंडळाच्या कचेरीतला संगणक भंगारात द्यावा असे मागच्या बैठकीत ठरत आले होते. तक्रारी तीन: रोज तारीख चुकते, इंटरनेटची पाने "असुरक्षित" म्हणून उघडत नाहीत, आणि यंत्र गोगलगाय झाले आहे. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. आत रुपयाएवढा चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा, सी.आर.२०३२ नावाचा. यंत्र बंद असताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला की तारीख मागे जाते. पानांच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. तारीख चुकीची असली की यंत्राला ते ओळखपत्र खोटे वाटते. भज्यांच्या दोन प्लेटींत नवा सेल येतो.

मंदपणा खरा आहे. फिरती डिस्क काढून नवी एस.एस.डी. घातली तर फरक पडेल, पण खर्च आहे. शिवाय त्यातल्या विंडोज १० ला मोफत सुरक्षा-सुधारणा देणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आणि विंडोज ११ ला जी सुरक्षेची चिप लागते ती त्या यंत्रात नाही. लिनक्स नावाची प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यात मराठीही लिहिता येते. भिशीचा हिशोब आणि सभेची पत्रे यांना ती पुरेशी आहे असे माझे मत आहे, बैठकीने ठरवावे.

पण भंगारात देण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण पैसे नाही. त्या डिस्कवर आपल्या बचतगटाच्या बायकांची आधारकार्डे, पासबुकांच्या प्रती, सह्या, अंगठे आहेत. चिटणीसबाई म्हणाल्या, "मी सगळे पुसले आहे." पुसले म्हणजे काय होते ते ऐका. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने आतच राहतात. तसेच त्या डिस्कवर, नवे काही वर लिहिले जाईपर्यंत, जुने बहुधा जागच्या जागी असते आणि जाणता माणूस ते बाहेर काढू शकतो. म्हणून आधी हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, ती उघडून पाहायची, मग सगळ्या डिस्कवर नव्याने लिहून जुने खरोखर मिटवायचे. डिस्क काढून टाकायचीच ठरली तर तिला भोके पाडायची. नुकसान झाले तर ज्यांच्या खात्यात निराधारचे पैसे येतात त्यांचे होईल. त्या आज इथे बसल्या आहेत.

जाताजाता, "तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही कंपनीतून बोलतो" असा फोन आला तर बिघाड फोन करणाऱ्याच्या नियतीत आहे असे समजून ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवावे.

येत्या गुरुवारी दुपारी तीनला कचेरीत आम्ही मायलेकी ते झाकण काढणार आहोत. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी यावे, सुती साडी नेसून. सेल मी आणते. कोणाकडे रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश असेल तर घेऊन यावा, आमचा मिरचीने तांबडा झाला आहे.