विहिरीचे नाव आणि कायद्याची भाषा

जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर ‘जिरायत’ असा शेरा असला, तरी आज त्याच शेतात ऊस उभा असू शकतो. शेरा खोटा नसतो. तो आपल्या काळापुरता खरा असतो. तेलाच्या व वायूच्या विहिरींच्या जुन्या नोंदी वाचतानाही हेच भान ठेवावे लागते. अमेरिकेतील टेक्सस राज्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

भूगर्भात तेल आणि वायू पुष्कळदा एकत्र नांदतात. म्हणून विहीर तेलाची की वायूची, हे अनेकदा निसर्ग सांगत नाही. कायद्याला ते ठरवावे लागते. टेक्ससमध्ये १९३५ साली नियम झाला, की पिंपभर तेलामागे १,००,००० घनफुटांहून अधिक वायू निघाल्यास ती विहीर वायूची. परंतु भूगर्भातील दाब उतरू लागला, की हे प्रमाणही पालटते. विहीर तीच राहते, वर्ग मात्र बदलू शकतो.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. तेथील पॅनहँडल भागात कित्येक जमिनींच्या तेलाचा हक्क एकाकडे व वायूचा दुसऱ्याकडे होता. काहींनी वायू यंत्राने थंड करून त्यातील द्रव वेगळा काढला, त्यास तेल म्हटले आणि त्या आधारे विहीर तेलाची ठरविली. १९८० नंतरच्या दशकात यावरून मोठे वाद झाले; कारण एका शब्दावर कोणाचे उत्पन्न जावयाचे, तर कोणाचे वाढावयाचे होते.

१९७८ च्या राष्ट्रीय कायद्याने आणखी वर्ग पाडले. १९ फेब्रुवारी १९७७ पासून खोदावयास घेतलेल्या विहिरी ‘नव्या’ ठरल्या. दिवसाकाठी सरासरी ६०,००० घनफुटांपर्यंतच वायू देणाऱ्या क्षीण विहिरींना चढा भाव मिळाला. पुढे १९८९ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९९३ पासून हे भावनियंत्रण संपले. कागदांवरील शेरे तेवढे उरले. आज ‘नवी’ हा शब्द वाचून विहीर नवी समजणारा फसेल.

तेव्हा जुना कागद हाती घेताच तीन प्रश्न विचारावेत: नोंद केव्हाची, कोणत्या कायद्याखालची आणि कोणत्या हेतूने केलेली? टेक्ससमध्ये तेलाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नावही ‘रेल्वे आयोग’ असेच आहे. १८९१ साली ती रेल्वेसाठी स्थापन झाली. २००५ पासून रेल्वेचे काम तिच्याकडे उरलेले नाही. नावे मागे राहतात, अर्थ पुढे जातात. जो दोहोंची सांगड घालतो, त्याच्या हातून कोणाच्या न्याय्य हक्कावर अजाणता घाला पडत नाही.