घामाला वास नसतो
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय जाहीर झाल्यापासून मला फोन येताहेत. एक स्नेही म्हणाले, "अहो, ज्या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरी झाली, तिथे तुम्ही काखेवर बोलणार?" म्हटलं, बोलणार. वैशाखातली संध्याकाळ, भरलेलं सभागृह आणि दोन पंखे बंद. याहून समयोचित विषय तुम्हीच सुचवा! (हशा)

घाम का येतो, अंग गार कसं राहतं, हे तुमचं शाळेत झालंय, ते सोडतो. फक्त एवढं लक्षात घ्या की ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या काही ग्रंथी वयात आल्यावर जाग्या होतात. त्यांच्या दाटसर स्रावावर त्वचेवरचे जिवाणू ताव मारतात आणि त्यांच्या खरकट्याचा वास आपल्या नावावर जमा होतो. डिओडरंट या जिवाणूंना आवरतं, वर सुगंध शिंपडतं. अँटिपर्स्पिरंटचं काम निराळं: त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतात. आपण दोन्हींना 'स्प्रे' म्हणून मोकळे होतो.

माझं म्हणणं असं, की आपल्यातल्या बहुतेकांना बुचाची गरजच नाही. वास आवरला की काम झालं, आणि तेवढ्याला तुरटीचा खडा पुरतो. घरी मी 'तु' म्हटलं की मंडळी उठून जातात. तुम्ही बसलात, आभार. (हशा)

मग बुचाची सवय लागली कशी? इथे दोन मिनिटांचं विषयांतर करतो. अमेरिकेत सिनसिनाटीला एडना मर्फी नावाची मुलगी होती. वडील सर्जन. शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम येऊ नये म्हणून त्यांनी एक औषध तयार केलं होतं. मुलीने ते काखेत लावून पाहिलं आणि 'ओडोरोनो' नावाने विकायला काढलं. 1912 साली अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात दुकान मांडलं, पण सुरुवातीला बाटली हलेना. खर्च निघावा म्हणून म्हणे कोल्ड क्रीम विकावं लागलं! पण प्रदर्शन उन्हाळाभर चाललं, लोक घामाघूम झाले आणि माल उठला. औषध आम्लात कालवलेलं. त्वचा चुरचुरायची, कपडे खराब व्हायचे. तरी खपलं. पुढे जेम्स यंग नावाच्या जाहिरातवाल्याने 1919 साली 'लेडीज होम जर्नल'मध्ये जाहिरात दिली. तिचा आशय असा, की बाई, तुझ्या अंगाला वास येत असेल, तुला कळत नसेल आणि कुणी तोंडावर सांगणारही नाही. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिक घेणं बंद केलं. आणि वर्षभरात विक्री दुपटीवर गेली! आधी शंका विकली, मग बाटली. आज लोकलच्या डब्यात कॉलेजचा मुलगा हात वर करून दांडी धरायला बिचकतो ना, त्याच्या मागे ती जाहिरात...

घंटा झाली का? आत्ताच? बरं. वाळा, नागरमोथा, उटणं, सगळं राहिलं. उटण्याने अंग स्वच्छ होतं, वाळ्याने मन प्रसन्न होतं. दुपारी तीनच्या काखेपुढे मात्र दोन्ही हात टेकतात.

एक चिठ्ठी आली आहे. "सर, तुरटीतही ॲल्युमिनियमच असतं ना?" (हशा, टाळ्या) असतं. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हे मी लपवीन कशाला? तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. किंबहुना त्या धातूला नावच तुरटीच्या लॅटिन नावावरून मिळालं. 'क्रिस्टल' म्हणून महाग डबीत मिळतो तो बहुधा हाच खडा. डबीवर 'ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही' असं छापतात, म्हणजे अँटिपर्स्पिरंटमधला क्षार नाही. खरं आहे, क्लोरोहायड्रेट नाही. ॲल्युमिनियम आहे! म्हणून 'ॲल्युमिनियमने कर्करोग होतो' अशी भीती घालून मी तुरटी विकणार नाही. डिओडरंटने किंवा अँटिपर्स्पिरंटने स्तनाचा कर्करोग होतो याला ठोस पुरावा मिळालेला नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं, तुरटीबद्दलसुद्धा. माझा मुद्दा भीतीचा नाही, पुरेसेपणाचा आहे. दाढीनंतर न्हावी गालावर फिरवतो तोच खडा, पिढ्यान्‌पिढ्या. आणि मी काही तुरटीचा घाऊक व्यापारी नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असंही समजू नका. एका लग्नाच्या सकाळी मी लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून काखेत चोळला. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. दोघांचं पटत नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी हात अंगापासून दूर धरून उभा होतो. लोकांना वाटलं, व्याही आखडलेत. (प्रचंड हशा) लिंबाचा रस लागलेल्या अंगाने उन्हात गेलात तर चट्टेही उठतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. शेवटचं. अंघोळीनंतर काख पुसा, खडा ओला करून दोन-तीनदा फिरवा, वाळू द्या, मग सुती सदरा घाला. काखेतले केस नुकतेच काढले असतील तर झोंबेल, तेव्हा त्या दिवशी राहू द्या. खडा साबणाच्या ओल्या डबीत ठेवू नका, विरघळतो. दाराजवळच्या टेबलावर मी दोन किलो तुरटी फोडून पुड्या बांधून ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, पैसे नकोत.