आधी पकड, मग वाढ

म्हातारपणी खुबा मोडतो हे घरोघरी ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही. लहान मुलांत मात्र हे फ्रॅक्चर इतकं दुर्मीळ की त्यांच्या शंभर फ्रॅक्चरांत एकही भरत नाही. गच्चीवरून पडणं, मोटारसायकलची धडक, असा जबर मारच लागतो. फारसं पाहायला मिळत नाही, म्हणून एक भीती टिकून आहे: मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची चकती असते, तिच्यातून स्क्रू गेला तर पाय आखूड राहील. मग चकतीच्या अलीकडेच थांबलेला तोकडा स्क्रू, नाहीतर नुसतं कमरेपासून प्लास्टर. माझं म्हणणं उलट आहे. हाड घट्ट धरायला चकती ओलांडावी लागत असेल, तर ओलांडावी.

हिशेब बघा. पायाच्या एकूण वाढीत या चकतीचा वाटा सुमारे 13 टक्के; बरीचशी वाढ गुडघ्याभोवती होते. बारा वर्षांच्या मुलाची चकती बंद पडली तरी फरक दीड सेंटिमीटरच्या आसपास, बुटाची टाच वाढवून निभतं. उलट प्लास्टरमध्ये हाड सरकलं तर खुबा वाकडा जुळतो किंवा जुळतच नाही, आणि पोर जन्मभर लंगडतं. कोणी म्हणेल, खरा धोका रक्त न पोचल्याने खुब्याचा गोळा सुकण्याचा, त्याला स्क्रू काय करणार? बरोबर आहे. रक्तवाहिन्या धक्क्यातच तुटल्या असतील तर स्क्रू त्या जोडत नाही. 2006 साली मून आणि मेलमन या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा गोळा सुकण्याचं प्रमाण चकतीतूनच मोडलेल्या हाडात 38 टक्के, हाडाच्या मानेच्या, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाच्या, मध्यावर 28, मानेच्या बुडाशी 18 आणि त्याखाली 5 टक्के निघालं. पण वाहिन्या नुसत्या पिळल्या असतील, तर हाड लवकर आणि नेमकं बसवल्याने त्या मोकळ्या होण्याची आशा असते. सांधा उघडायला घाबरू नये. मुख्य वाहिन्या मागून येतात, आपण पुढून जातो. तीन वर्षांच्या बाळाला अर्थात जाड स्क्रू नको. आटे नसलेल्या गुळगुळीत वायरी चकतीतून घालाव्यात आणि वर प्लास्टर.

आपल्या छत्तीसगडात आणखी एक गोष्ट बघावी लागते: सिकलसेल. हा आजार मार न लागताही खुब्याचा गोळा सुकवतो. शिवाय भूल देताना शरीरातलं पाणी किंवा प्राणवायू कमी पडला तर रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून वाहिन्या तुंबवतात. म्हणून दुर्ग-भिलाईत खुबा मोडलेल्या मुलाची सिकलिंगची तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हायलाच हवी. घाई आहे म्हणून ती टाळू नये. साध्या चाचणीला फार वेळ लागत नाही. यावर बोलावं तेवढं थोडं, पण वेळ संपल्याची चिठ्ठी हातात आली आहे. प्लेटा कोणत्या वापराव्यात हा भाग सोडतो. पालकांसाठी एकच सांगतो: मूल पळायला लागलं म्हणून तपासणी बंद करू नका. गोळा सुकल्याचं एक्स-रेत दिसायला कित्येक महिने जातात. निदान दोन वर्षं ठरल्या तारखेला दाखवा, आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणालं तर तारखेची वाटही पाहू नका.