दोन नर आणि एक पिंजरा



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळी गालांतल्या गालांत हसली, हे आम्ही येथे चढतानाच पाहिले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या ऋतूतल्या व्यासपीठांवर राज्यक्रांत्या झाल्या, वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले. आणि आता मुळशीकरांच्या पुढ्यात गिनीपिगांची भांडणे! परंतु हसणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. भूगाव, पिरंगुट, हिंजवडी या अंगाला ज्या नव्या वसाहती उठल्या, त्यांतल्या कित्येक घरांत मुलांच्या हट्टाखातर हा प्राणी आला आहे. बहुधा तो जोडीने येतो, आणि पिल्ले नकोत म्हणून दोन्ही नर आणले जातात. तीन-चार महिने सुखाचे जातात. मग एके दिवशी पिंजऱ्यात घूंऽऽ असा आवाज उठतो, पाठलाग सुरू होतो, आणि घरात घबराट उडते. पुढे जे निर्णय होतात त्यांवर त्या दोन जिवांचे आयुष्य अवलंबून असते. आणि ते आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते.

प्रथम हा प्राणी कोण ते पाहू. तो गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचा तर मुळीच नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला खाण्यासाठी माणसाळविले. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळात त्याचे नाते आपल्या घरातल्या उंदरापेक्षा ताम्हिणीच्या रानातल्या साळिंदराशी अधिक जवळचे आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. आमच्याकडच्या सुशिक्षितांना तो माहीत झाला तो प्रयोगशाळेतला बळी म्हणून. मुंबईत प्लेगच्या संशोधन-मंडळाने १९०५ पासून जे प्रयोग केले, त्यांत प्लेगच्या घरांतून गिनीपिग ठेवले होते. मोकळे सोडलेले पिसवांनी चावून प्लेगने मेले, बारीक जाळीने पिसवांपासून राखलेले वाचले. माणसावर उपकार केले खरे. पण ज्याचा उपयोग फार, त्याच्या स्वभावाकडे पाहण्यास कोणास सवड होत नाही.

आता भांडणाकडे वळू. येथे शेतकरी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना ही गोष्ट समजावयास जड जाऊ नये. नवा बैल आणला की त्याला जुन्याच्या शेजारी लगेच कोणी बांधीत नाही. दोघे एकमेकांकडे मान वाकवून पाहतात, फुरफुरतात, माती उकरतात; पुष्कळदा एवढ्यावरच कोण थोरला ते ठरते आणि शिंगाला शिंग लागत नाही. कोंबड्यांचेही तसेच. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्ब या गृहस्थांनी अंगणातल्या कोंबड्या लहानपणापासून न्याहाळल्या आणि १९२१-२२ च्या सुमारास दाखवून दिले, की कोणी कोणास टोचावे याची त्यांच्यात ठरलेली उतरंड असते. एकदा उतरंड ठरली म्हणजे टोचाटोची कमी होते. ज्या आवाजाने आपण घाबरतो, तो आवाज भांडण टाळण्याचा असू शकतो, ही गोष्ट आज आम्हास सांगावयाची आहे.

गिनीपिगांचे नर वरचढपणा दाखवितात तो असा. एक जण पारव्यासारखा घुमू लागतो आणि मागचा भाग डावी-उजवीकडे हलवीत संथ पावलांनी दुसऱ्याभोवती मिरवितो. मानेवरचे केस फुलतात. हनुवटी वर उचलली जाते. ज्याची हनुवटी शेवटपर्यंत वर राहते तो जिंकला. बूड जमिनीला घासून तो आपला वास सोडतो, म्हणजे जागेवर सहीच करतो म्हणा ना. पाठलाग होतो, ढुंगणाशी एखादा चिमटा काढला जातो, एक जण दुसऱ्याच्या अंगावर चढतो. सभेत स्त्रिया आणि मुले आहेत, तरी हे सांगितलेच पाहिजे, कारण याच दृश्याने आईवडील सर्वांत अधिक ओशाळतात. त्यात कामविकार थोडा, वरचढपणा फार. दुसरा नर मान खाली घालतो, किंचाळतो, बाजूला सरतो. त्या किंचाळण्याचा अर्थ ‘मेलो’ असा नसून ‘तू थोरला, मला जाऊ दे’ असा असतो. थोरल्याने तेवढ्यावर सोडून दिले की व्यवहार आटोपला.

ही भाषा पिल्लू आईच्या पोटातून शिकून येत नाही. जर्मनीत म्यून्स्टर येथे नोर्बर्ट साक्सर यांनी या प्राण्याचा कित्येक वर्षे अभ्यास केला. मोठ्या कळपात वाढलेले नर पुढे परक्या नरांसमोर आणले, तर ते फारसे लढत नाहीत आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्यही फारसे चढत नाही. एकट्याने किंवा केवळ मादीसंगे वाढलेला नर मात्र अनोळखी नरावर तुटून पडतो आणि दोघांचेही हाल होतात. वयात येताना थोरल्या नरांकडून जी दटावणी मिळावयाची, ती त्याला मिळालेली नसते. जागा भरून गेली आणि संख्या वाढली, तर कळपाचे लहान लहान गट पडतात आणि एका गटाचा पुढारी दुसऱ्याच्या माद्यांना हात लावीत नाही, असेही त्यांना आढळले. त्यांच्या रानटी भाऊबंदांत प्रौढ नर एकमेकांना सोसतच नाहीत. माणसाने माणसाळविताना थोडा शांत स्वभाव निवडला, पण तो स्वभाव शिकवणीवाचून उमलत नाही. दुकानातून दोन कोवळे नर एकत्र आणणाऱ्याने लक्षात ठेवावे, की त्या घरात त्यांना दटावणारे वडीलधारे कोणी नाही.

म्हणूनच तिसऱ्या महिन्यापासून साधारण वर्षापर्यंत गडबड जास्त. या काळात घरमालक काय करतो? घुमण्याचा आवाज ऐकला की दोघांना वेगळे करतो, तासाभराने पुन्हा एकत्र सोडतो. झाले! अर्धवट राहिलेला निवाडा पहिल्यापासून सुरू. शिवाय दर आठवड्यास पिंजरा असा घासून काढतो की वासाची एकही सही शिल्लक राहत नाही. मूठभर जुने गवत परत टाकले, तर पुष्कळ शांतता राहते. त्याच खोलीत मादी ठेवणे म्हणजे तर आगीत तेल. आणि दोनांऐवजी तीन नर आणले म्हणजे भांडणाला मध्यस्थ मिळतो असे कोणी समजू नये. तिसरा बहुधा मार खाणारा ठरतो. खच्चीकरण केल्याने पिल्ले थांबतात, मानापमान थांबतोच असे नाही.

जागेच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. दोन नरांस निदान पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी सलग जमीन हवी. माडी चढविल्याने ती भरून निघत नाही. गवताची टोपली दोन, पाण्याची बाटली दोन, लपण्याची घरटी दोन, आणि प्रत्येक घरट्यास दोन दारे. एकच दार असले म्हणजे धाकटा आत कोंडला जातो आणि थोरला उंबऱ्यावर बसतो. आपल्याकडच्या पावसात गवताला बुरशी धरते, ते चालणार नाही. क जीवनसत्त्व या प्राण्याच्या शरीरात आपल्यासारखेच तयार होत नाही, तेव्हा ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी रोज हवी. तीही दोन ठिकाणी ठेवावी.

खरे भांडण कसे ओळखावे? दात एकसारखे वाजतात, दोघे समोरासमोर ताठ उभे राहतात, कोणीही मान खाली घालीत नाही. मग उडी घेऊन झेप, आणि दोघांचा एक गोळा होऊन तो पिंजऱ्यात गडगडतो. रक्त आले की निवाडा संपला, युद्ध सुरू झाले. तेव्हा उघडा हात मध्ये घालू नये, मोठा टॉवेल टाकावा किंवा पुठ्ठा सरकवावा. जखम लहान दिसली तरी पशुवैद्यास दाखवावी, कारण दाताने झालेली जखम वरून मिटते आणि आत पिकते. याहून कपटी प्रकार असतो तो रक्ताशिवायचा. धाकटा कोपऱ्यात बसतो, खायला पुढे येत नाही, आणि कोणाला काही दिसत नाही. यावर उपाय एकच: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला दोघांचे वजन करून वहीत लिहावे. एकाचे वजन उतरत चालले, तर उतरंड ठरली असली तरी ती त्याला सोसत नाही.

कंटाळून कोणाच्या मनात येते, की धरणाच्या काठी हिरवेगार गवत आहे, तेथे सोडून द्यावे, मोकळा फिरेल. हे पुण्य नव्हे. हजारो वर्षे माणसाच्या घरात राहिलेला तो प्राणी. मुंगूस, मांजर आणि शिक्रा यांच्यापुढे त्याचा निभाव किती? त्यांतून वाचला तरी मुळशीचा आषाढ त्याला सोडणार नाही.

ज्यांचे अजिबात जमत नाही त्यांना वेगळे करावेच लागते. परंतु एकाला पलीकडच्या खोलीत नेऊन एकटा टाकू नये. हा कळपाचा प्राणी आहे, आणि ज्याच्याशी तो भांडतो त्याचा आवाजही त्याला हवा असतो. एकच मोठा पिंजरा घेऊन मध्ये तारेची जाळी उभी करावी, दोन्ही बाजूंस सर्व सामान वेगळे द्यावे, आणि दोघांची गवताची टोपली जाळीला लागून ठेवावी, म्हणजे जेवताना ते शेजारी बसतील. जाळीची भोके मात्र इतकी बारीक असावीत, की त्यांतून नाक आरपार जाणार नाही.