धावायचंय? मग आधी हळू!

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

दिवाळीनंतर आमच्या गटातल्या सहाजणींनी सकाळी धावायचं ठरवलं. गावातल्या मुली पोलीस भरतीसाठी ८०० मीटरचा सराव करतात, त्यांच्यामागेच निघालो. पायात रोजच्या चपला, पोटात काही नाही, आणि शाळेपासून कालव्याच्या पुलापर्यंत पळत सुटलो! तिसऱ्या दिवशी चौघींचे गुडघे धरले. चौथ्या दिवशी एका ताईला भोवळ आली, ती रस्त्यातच बसली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "शेतात काय कमी पळतेस? बस झालं आता."

उपकेंद्रात तपासलं तर ताईचं हिमोग्लोबिन ८ निघालं. बाईचं निदान १२ तरी हवं. म्हणजे चूक धावण्याची नव्हती, न तपासता पळालो ही चूक होती. ताईने रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या, त्याही चहाबरोबर नाही, कारण चहामुळे गोळीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. बाकीच्या आम्ही नव्याने सुरुवात केली. त्यातून शिकलो ते सांगतो.

आधी तपासणी. रक्त आणि बीपी बघून घ्या. साखर, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नका.

मग वेग. पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला. असं पाच-सहा वेळा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाला. धावताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करा. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधला दिवस विश्रांतीचा. उपाशी निघू नका, एखादं केळं किंवा दोन खजूर खा, पाणी प्या.

कपड्यांचं बोलू. पंजाबी ड्रेस चालतो, पण ओढणी कमरेला घट्ट बांधा. आत छातीला नीट आधार देणारी ब्रा हवी. हे बोलायला लाजायचं कशाला? मांड्या घासत असतील तर खोबरेल तेल लावा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. पाळीत बरं वाटत असेल तर धावायला हरकत नाही.

आता रस्ता. शाळेचं मैदान किंवा मातीची वाट सगळ्यांत बरी. डांबरी रस्त्यावर जावंच लागलं तर उजव्या कडेने जा, म्हणजे समोरची गाडी दिसते. उसाच्या हंगामात जास्त जपा. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि टेपच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. उजाडल्यावरच निघा, फिक्या रंगाचे कपडे घाला, गळ्यातलं आत घ्या, कानात गाणी नकोत. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा आणि सावकाश बाजूला व्हा. एकटीने जाऊ नका, घरी सांगून जा.

छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. धावताना लघवीचे थेंब येत असतील किंवा अंग बाहेर येतंय असं वाटलं, तर लपवू नका. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना दाखवा.

"बायकांना कशाला हवं धावणं?" असं कुणी म्हटलं, तर सांगा, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. आपल्याला ऑलिंपिक गाठायचं नाही. आपल्याला स्वतःसाठी दिवसातला अर्धा तास हवा आहे.

तीन महिन्यांनी ताईचं हिमोग्लोबिन ११ झालं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, आता ती मध्येमध्ये हळू धावतेही. सासूबाईंची एकच अट आहे, "एकटी जायचं नाही." अट आम्हाला मान्य आहे. रोज सकाळी आम्ही तिच्या दारावरूनच जातो.

उद्या तुमच्या गटातल्या दोघी-तिघी निघा. धावणं फक्त एकेक मिनिट, बाकी चालणं.