माश्या कोण धरणार?

(गांधीबाग, नागपूर येथे बचत गटांतील महिला आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय 'बायकांचे रोजगार' असा आहे, आणि मी मधमाश्या धरण्याबद्दल बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा. मीही पहिल्यांदा हसलेच होते. पण हा विषय मला भेटला कुठे, ते आधी सांगते.

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या आठजणींना एका योजनेतून मधपेट्या मिळाल्या. दोन दिवसांचं शिक्षण झालं, फोटो निघाला, माश्यांसकट पेट्या घरी आल्या. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा आठांपैकी सहा पेट्या रिकाम्या. एकीत तर कोंबडी अंड्यांवर बसली होती. कुणाच्या पेटीत मुंग्या शिरल्या, कुणाची पेटी पत्र्याखाली तापली, आणि माश्या घर सोडून गेल्या. एक बाई म्हणाली, "पेटी भेटली जी बाई, पन आता माश्या कुठून आनू?" गावाशेजारच्या जंगलात मोहोळं होती. पण ती धरून पेटीत घालणं एकाच माणसाला येत होतं. तो मागेल ते पैसे घेई आणि वर "हे बायकांचं काम नाही" हेही ऐकवी. म्हणजे पेटी बाईची, राखण बाईची आणि धंद्याची किल्ली त्याच्या खिशात.

बायकांना वस्तू वाटल्या जातात, विद्या वाटली जात नाही. शिवणयंत्र देतात, पण ते बिघडलं की दुरुस्तीला माणूस बोलवावा लागतो. मधपेटीचंही तेच. म्हणून आम्ही दोघी-तिघींनी ठरवलं, की आधी माश्या धरायला शिकायचं.

पहिली गोष्ट म्हणजे माशी ओळखणं. आपल्याकडे मध देणाऱ्या माश्या मुख्यतः तीन. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, इमारतीच्या सज्ज्याला एकच मोठं पोळं लटकतं, ते आग्या मोहोळ. त्याच्या वाटेला जायचं नाही. ती माशी अंधाऱ्या पेटीत राहत नाही, आणि चिडली तर माणसाचा जीव घेऊ शकते. त्या मोहोळाचा मध पोळं न जाळता काढायला वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आदिवासी मध गोळा करणाऱ्यांना शिकवलं आहे, पण ते वेगळं कसब आहे. दुसरी फुलोरी. झुडपाच्या फांदीला हाताच्या पंजाएवढं एकच पोळं करते. तीही पेटीत राहत नाही. तिसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, जुन्या मडक्यात, अंधारात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. आपल्या देशी पेटीत राहते ती हीच.

आता 'थवा' म्हणजे काय? फुलोरा भरपूर आला, घरात गर्दी झाली, की सातेरीची वसाहत फुटते. जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते, आणि भरलेलं घर मागे मुलीसाठी सोडते. बाहेर पडलेल्या माश्या जवळच्या फांदीला घोसासारख्या लटकतात आणि तिथून नव्या घराचा शोध घेतात. त्यांना सांभाळायला पोळं नसतं, पिल्लं नसतात, पोटात मध भरून घेतलेला असतो. म्हणून त्या सहसा शांत असतात. थवा धरायची वेळ हीच.

इथे एक गंमत सांगते. ॲरिस्टॉटलपासून पुढे कितीतरी शतकं विद्वान मंडळी या मोठ्या माशीला 'राजा' म्हणत होती. एवढ्या मोठ्या घरावर बाईचा अंमल असेल, हे कुणाला पटेना! १६०९ साली चार्ल्स बटलर नावाच्या इंग्रज पाद्र्याने पुस्तक लिहून ती राणी आहे असं मांडलं. त्याच शतकात स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तिचा अंडाशय पाहिला, तेव्हा कुठे राजा गेला. पण 'राणी' हाही शब्द फसवाच आहे. ती हुकूम करत नाही, अंडी घालते. नवं घर ती निवडत नाही. थव्यातल्या काही अनुभवी कामकरी माश्या जागा पाहून येतात आणि घोसावर नाचून दिशा व अंतर सांगतात. इतर माश्या ती जागा स्वतः पाहून येतात, पटली तरच तिच्यासाठी नाचतात. पुरेशा जणी एका जागी जमल्या की सगळा थवा उठतो. जर्मनीत मार्टिन लिंडाउअर यांनी १९४९ पासून आणि पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी हे बारकाईने दाखवून दिलं. यावर टाळ्या नकोत हं. माश्यांकडून स्त्रीमुक्ती शिकायची नाही. त्यांच्यात काम सोडायची मुभाही नाही! पण थवा धरणारीला हे माहीत हवं, कारण माश्यांची घराची निवड पक्की होण्याआधी आपल्याला पोचायचं असतं. कधी त्याला दोन-तीन दिवस लागतात, कधी काही तासच.

आता इथलीच गोष्ट. फेब्रुवारीत गांधीबागेतल्या कापडबाजारात एका बोळीत दुकानाच्या फलकाखाली थवा बसला. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा एकजण काठीला चिंधी बांधून रॉकेल शोधत होता. "अहो बाई, मागे व्हा, एखाद्या माणसाला बोलवा," असा सल्ला मिळाला. आम्ही दोघी होतो. खाली उभं राहून आधी पाहिलं. घोस नारळापेक्षा थोडा मोठा, माश्या सातेरीच्या, पोळं बांधलेलं नाही. मग त्या गृहस्थाला विनंती केली, की रॉकेल राहू द्या, अर्धा तास बोळ तेवढी मोकळी ठेवा.

सामान साधं होतं. तोंडावर जाळी, पूर्ण बाह्यांचं फिकट रंगाचं झंपर, पदर खोचलेला, केस बांधलेले, अत्तर-तेल नाही. एक वेताची टोपली, तिच्या आत जुनं मेण चोळलेलं. एक पातळ सुती कापड. पाण्याचा फवारा. गोणपाटाच्या गुंडाळीचा थंड धूर. पाण्याचा हलका फवारा मारला, की माश्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. मग टोपली पालथी करून घोसाच्या वर, अगदी टेकून धरली आणि खालून थोडा धूर दिला. माशी वर चढते, अंधाराकडे जाते. चिमटीने उचलायची नाही, झटकायची नाही, घाई करायची नाही. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक माश्या टोपलीत चढल्या. राणी आत गेली की ओळखू येतं. काही माश्या टोपलीच्या काठाशी पोट वर करून पंख हलवतात, गंध सोडून मागे राहिलेल्यांना बोलावतात. त्या तशा पंख हलवू लागल्या तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. दिवस मावळेपर्यंत टोपली तिथेच ठेवली, मग कापडाने बांधून घरी नेली. मघाचे ते गृहस्थ रॉकेल विसरून, टोपली उतरवायला शिडी धरून उभे होते.

रात्री पेटीत घालायचं. पेटी सावलीत, तिवईवर. तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंगी चढत नाही. चौकटींना वर मेणाची पट्टी चिकटवायची. टोपली पेटीवर एकदाच ठामपणे झटकायची आणि झाकण लावायचं. दाराशी राणी-जाळी बसवायची, तिच्यातून कामकरी जाते, राणी जात नाही. पण ही जाळी चार-पाच दिवसांनी काढायचीच. राणी कोरी असेल तर तिला मीलनासाठी बाहेर उडावं लागतं, जाळी राहिली तर वसाहत संपते. साखरेचा पाक रात्री, पेटीच्या आत द्यायचा. तीन-चार दिवस झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा.

भिंतीतलं किंवा ढोलीतलं बसतं मोहोळ काढणं याहून अवघड. तिथे पोळी एकेक करून कापावी लागतात. पिल्लांची पोळी वरची बाजू वरच राहील अशी चौकटीत धरून केळीच्या सोपाच्या धाग्याने बांधायची. मधाची पोळी वेगळ्या डब्यात, कारण सांडलेल्या मधावर मुंग्या येतात. आणि एक लक्षात ठेवा, थवा आपली जुनी जागा विसरायला तयार असतो, त्याला कुठेही ठेवता येतं. बसती वसाहत विसरत नाही. तिला दोन-चार शेत पलीकडे ठेवलं तर कामकरी माश्या जुन्या जागी परत जातात. म्हणून ती तीनेक किलोमीटरपेक्षा लांब न्यावी.

डंख बसणारच. काटा लगेच नखाने खरवडून काढा, त्याच्या वासाने दुसऱ्या माश्या चिडतात. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. ज्या बाईला आधी असा त्रास झाला आहे तिने हे काम करू नये. त्यात कमीपणा नाही. आणि पहिले दोन-तीन थवे जाणत्या व्यक्तीबरोबरच धरा. एकटीने शौर्य दाखवण्याची ही जागा नाही.

आपल्या नागपूर-वर्ध्यात खरी परीक्षा पुढे असते. पिल्लं वाढवायला माश्या पोळ्याचं तापमान चौतीस-पस्तीस अंशांवर राखतात, आणि बाहेर आपला पारा पंचेचाळीसवर! पेटी गर्द सावलीत हवी, वर ओलं गोणपाट, जवळ पाण्याचं भांडं आणि त्यात बसायला काड्या. आठजणींच्या पेट्या रिकाम्या झाल्या त्या आळसाने नव्हे. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे काही नवं खूळ नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम चाले, आणि त्याच्या उद्योगांत मधमाशीपालन होतं. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. २०१७ मध्ये खादी आयोगाने मध अभियान सुरू केलं, २०२० मध्ये केंद्र सरकारने पाचशे कोटींचं अभियान जाहीर केलं. पैसा येतो, पेट्या येतात. प्रश्न एवढाच, की अहवालात काय मोजलं जातं? किती पेट्या वाटल्या ते. सहा महिन्यांनी कितींमध्ये माश्या आहेत, आणि किती बायकांना स्वतः थवा धरता येतो, हे कुणी विचारत नाही. आपण विचारायला हवं.

मला हा उद्योग महत्त्वाचा वाटतो तो परित्यक्ता, भूमिहीन, एकट्या बायकांसाठी. मधपेटीला सातबारा लागत नाही. पण फसू नका, पेटी ठेवायला कुणाची तरी जागा लागतेच. ती मागताना उपकार म्हणून मागू नका. भोपळा, काकडी, टरबूज यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, माशीने पराग नेला नाही तर फळ धरत नाही. तुमची पेटी त्याच्या पिकाचं काम करते. उलट त्याच्याकडून शब्द घ्या, की फुलोऱ्यात फवारणी करणार नाही, करायचीच वेळ आली तर संध्याकाळी, आणि आदल्या दिवशी कळवेल.

मिळकतही खरी सांगते. सातेरीच्या एका पेटीतून चांगल्या वर्षात पाच-दहा किलो मध. एका पेटीवर घर चालत नाही. दहा पेट्या असल्या तर हातात चार पैसे राहतात. आणि दहा पेट्या विकत घेतलेल्या माश्यांनी नाही, धरलेल्या माश्यांनीच भरतात.

त्या आठजणींपैकी पाचजणी पुढच्या हंगामात आमच्याबरोबर आल्या. चौघींच्या पेट्या आज भरलेल्या आहेत. पाचवी म्हणाली, मला भीती वाटते, मी मध गाळीन आणि हिशेब लिहीन. ठीक आहे, तेही काम आहे. आता "बायकांचं काम नाही" म्हणणारा तो माणूसही थवा दिसला की त्यांना निरोप देतो.

गांधीबागेत धरलेला तो थवा कुठे आहे, असं मघाशी एकीने विचारलं. तो कोंबडी बसली होती त्या पेटीत आहे. पेटीवर आता त्या बाईचं नाव रंगवलं आहे. नवऱ्याचं नाही, गटाचं नाही, योजनेचंही नाही.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तिने आज नाव द्या. पुढचा थवा कुठे बसेल ते सांगता येत नाही, पण निरोप आला की तासाभरात निघावं लागेल. घरी स्वयंपाक कोण करेल, ते मात्र आजच ठरवून ठेवा.