मोठे लिखाण आणि संगणक



मोठे लिखाण विद्वत्तेपेक्षा व्यवस्थेअभावी अधिक अडते. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, त्या मराठी विश्वकोशातील हजारो नोंदी अकारविल्हे लावल्या आहेत, म्हणूनच त्या वाचकास सापडतात.

बुलढाणा जिल्ह्यातील बुजुर्गांच्या आठवणी मी संगणकावर उतरवीत होतो. एकाच फाइलच्या ‘नवी’, ‘शेवटची’ अशा प्रती झाल्या आणि एके दिवशी जुनीने नवी पुसली. चाळीस पाने गेली. सांगणारे दोघे तोवर हयात नव्हते.

म्हणून सांगतो. लिब्रेऑफिस मोफत मिळते. प्रत्येक प्रकरणाच्या मथळ्याला ‘हेडिंग’ शैली द्या. एफ-५ दाबताच नेव्हिगेटरमध्ये सारी प्रकरणे दिसतात, तेथूनच ती मागेपुढे करता येतात. अनुक्रमणिकाही त्यावरूनच तयार होते. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरही वाचता येईल. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

पालकहो, मुलांना संगणकाबरोबर ही शिस्तही द्या. विद्यार्थ्यांनो, आज संध्याकाळीच दादी-नानीजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका.